फुगवटा

भुसावळच्या रेल्वे दवाखान्यात एकतीस वर्षं
एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत मी माणसांना सांगत आले,
श्वास घ्या. रोखा.
आणि काचेआडून बटण दाबत आले.
आता हतनूरच्या फुगवट्याकाठी दोन खोल्या, एक ओटा,
ओट्याच्या तिसऱ्या पायरीला पाणी,
आणि श्वास माझा मीच रोखते.

कॅमेरा घेतला फंडाच्या पैशांतून.
भाऊ म्हणाला, एवढ्यात दोन म्हशी आल्या असत्या.
आल्या असत्या.
म्हशींसोबत बगळेही आले असते, फुकटात.

डिसेंबरात पट्टकादंब उतरतात,
मानेमागे दोन काळ्या रेघा,
कुणी लिहिलेलं खोडावं, आणि समाधान न होऊन
पुन्हा एकदा खोडावं, तशा.
लालसरीचं टकुरं चुलीतल्या निखाऱ्यासारखं,
फुंकर मारायची तेवढी बाकी.
मोरघार मासा उचलते आणि हवेतच त्याला सरळ करते,
तोंड पुढे, शेपूट मागे.
मासा आपला शेवटचा प्रवास
दिशा बघत करतो.
काहीच उतरलं नाही तर आभाळ काढते.
दीपनगरचा धूर असतोच,
आणि त्याच्या खूप वर, कुठून कुठे जाणारं
नखाएवढं विमान.

आणि नेमक्या वेळी
सुपडू भोई ओरडायचा पाण्यातून,
"मावशी, जहाज येऊ राह्यलं!"
जहाज म्हणजे डांबर फासलेली नाव,
फुटलेल्या कडेला खताच्या जाहिरातीचा पत्रा ठोकलेला.
त्यात दोन मोटारसायकली, चाऱ्याचे भारे, दप्तरं,
एकदा तर शिंगं रंगवलेला बैल,
तो मात्र फार शहाण्यासारखा उभा होता.
बल्ली पाण्यात रुतली की अख्खा थवा उठायचा.
तासभर पोटावर पडून मी काय मिळवलं?
पंखांची पाठ.

रात्री दिवा लावून निवडायला बसायचे.
नाव आली, खोड.
बल्ली आली, खोड.
सुपडूचा लाल रुमाल आला, खोड.
गव्हातले खडे काढावेत तशी
पाच वर्षं मी तो माणूस वेचून काढला.
"एखांद्या दिवशी जहाजाचा बी काढजा फोटू," म्हणायचा.
मी म्हणायचे, आज उजेड नाही.
उजेड होता.

मग पूल झाला.
नाव काठावर उपडी पडली, पत्रा आधी गेला, मग फळ्या.
सुपडू पोराकडे सुरतेला गेला
आणि तिथेच, पाण्यापासून सहाव्या मजल्यावर, संपला.

त्याची लेक शेवंता आली परवा, पुलावरून, स्कूटीवर.
"बापाचा जहाजातला एक फोटू द्या मावशी,
इतके काढतात तुम्ही."
चाळीस हजार चाळले.
एका कोपऱ्यात नावेचं नाक.
एका ठिकाणी बल्ली, धरणारा हात नसलेली.
एका पंखामागे पुसट लाल काहीतरी,
ते फूलही असू शकेल.

शेवटी एक तिच्यापुढे धरला.
थवा उठलेला, पाय अजून लोंबते,
खाली पाणी दोन रेघांनी चिरलेलं,
त्या रेघा डावीकडे एकमेकींजवळ येत गेलेल्या
आणि चौकटीशी तुटलेल्या.
नाव नाही. माणूस नाही.
मी म्हणाले, एवढंच आहे गं.

ती काही बोलली नाही.
बोट ठेवलं उजव्या कडेला,
रेघ धरून हळूहळू डावीकडे नेलं,
फोटो संपला तरी थांबली नाही,
टेबलाच्या लाकडावर वीतभर पुढे गेली
आणि तिथे टेकवून म्हणाली,
"अठी."

मी श्वास रोखलेला होता.